दिनानाथचा लाल चौकोन

दिनानाथ शेट्ये नक्की काय काम करतो, हे करंजाड्यातल्या त्याच्या सोसायटीत कुणालाच धड सांगता येत नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ इथवर सगळ्यांची मजल जाते. सत्यनारायणाच्या प्रसादाला जमल्यावर कुणी फारच खोलात शिरलं, तर दिनानाथ उत्साहाने मोबाइल काढतो, कुठलंही एक पान उघडतो आणि त्यातल्या नाव लिहायच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवतो.

“हा. हा मी करतो.”

“हे पान?”

“पान नाही हो. हा चौकोन!”

विचारणारा एकदा चौकोनाकडे बघतो, एकदा दिनानाथकडे बघतो आणि मुकाट्याने शिऱ्याकडे वळतो.

पण खरंच तो चौकोनच करतो. महापेच्या एका कंपनीत दवाखाने, वजनकाटे, वाचनालयं यांच्या काउंटरवर चालणारी सॉफ्टवेअर बनतात. त्यांत जिथे म्हणून माणसाने एक ओळ लिहायची असते, तिथला टेक्स्ट बॉक्स दिनानाथच्या हातचा. बाकीचे लोक आले, बढत्या घेऊन हिंजवडीला नाहीतर बंगळुरूला गेले. हा मात्र एका ओळीपाशी ठाण मांडून बसला. एका ओळीत एवढं असतं काय, असं त्याला चुकूनही विचारू नये. चहा गार होतो. कुणी तीन ओळींचा मजकूर आणून त्या एका ओळीत चिकटवला तर काय करायचं? नाव चौकोनापेक्षा लांब झालं तर डोकं दाखवायचं की शेपूट? मराठीत खोडायचं बटण एकदा दाबलं तर नुसती वेलांटी जावी की अख्खं अक्षर? यातल्या प्रत्येक प्रश्नावर त्याने आयुष्याचे महिने घातलेत, आणि ते वाया गेले असं त्याला कधीही वाटलेलं नाही.

त्याच्या चौकोनाची सगळ्यात मोठी करामत म्हणजे त्याचा लाल रंग. लिहिणाऱ्याचं काही चुकलं की चौकोनाची कड लाल होते आणि खाली सूचना उमटते. हे इतरांचे चौकोनही करतात, पण माणूस लिहून पुढे गेल्यावर. दिनानाथचा चौकोन एकेक बटण दाबताच तपासणी करायचा. “चूक झाली की झाल्याझाल्या सांगावी,” असं तो म्हणायचा. “उगाच माणसाचा वेळ कशाला घालवायचा?”

आता इथे दिनानाथच्या स्वभावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणूस लाखात एक. कुणाचा गॅस संपो, कुणाला रात्री रिक्षा न मिळो, हा स्कूटर घेऊन हजर. पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं त्याच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्याने वाक्याचं डोकं काढलं की शेपटी हा लावणार. वाण्याने “शेट्येसाहेब, तो तांदूळ...” म्हणावं, तर हा “महाग झाला, माहितीये!” म्हणून पुढच्या दुकानात. वाणी बिचारा तांदूळ घरी पोचवलाय एवढंच सांगत होता. फोनवर तर कहर. ‘टायपिंग’ अशी अक्षरं दिसली रे दिसली, की समोरचा काय लिहिणार ते ओळखून याचं उत्तर रवाना. त्याची बायको स्मिता म्हणायची, “अहो, मी भांडायचं तरी कुणाशी? माझी बाजूसुद्धा तुम्हीच बोलता!”

हे सगळं हसण्यावारी जायचं. एका माणसाच्या बाबतीत मात्र ते हसण्यासारखं नव्हतं. ते माणूस म्हणजे त्याची मुलगी जाई.

जाई लहानपणापासून बोलताना अडखळते. एखादा शब्द ओठाशी येऊन अडतो, मान किंचित पुढे येते, डोळे मिटतात. तिचं असं झालं की दिनानाथला बघवायचं नाही. मग तो पटकन तो शब्द उचलून तिच्या हाती द्यायचा. शाळेत बाईंसमोर, दुकानात, पाहुण्यांत. मूल ठेच लागून पडत असताना बाप जसा हात पुढे करतो, तसंच हे, अशी त्याची समजूत होती. जाईही मान डोलवायची आणि गप्प व्हायची. बापाला वाटायचं, सुटली बिचारी.

प्राणिशास्त्रात बीएस्सी झाल्यावर ही मुलगी कुठल्याशा बँकेत आतल्या खोलीत, कुणाशी बोलावं न लागणाऱ्या टेबलाशी बसेल, असं त्याने मनात ठरवून टाकलं होतं. जाईने भलतंच काढलं. खाडीत फ्लेमिंगो दाखवायला बोटी सुटतात, त्या बोटीवर पक्ष्यांची माहिती सांगायला माणसं हवी होती. तिने अर्ज केला. निवडीची परीक्षा बोटीवरच, खऱ्याखुऱ्या पर्यटकांसमोर बोलून द्यायची होती. येत्या रविवारी.

“बोलायचं काम?” दिनानाथच्या तोंडून निघालंच.

“हो, बाबा. बो... बो...”

“बोटीवरचं, कळलं मला. पण बेटा—”

“बोलायचंच,” जाई म्हणाली. “मला बोलायचंच काम हवंय.”

आणि तिने त्यालाच सरावाला समोर बसवलं. स्मिता म्हणाली, मी ऐकते की. जाई म्हणाली, “तू ऐकतेसच गं. बाबांसमोर पूर्ण बोलता आलं, तर मी कु... कुणासमोरही बोलेन.”

दिनानाथ मोठ्या हौसेने सोफ्यावर बसला. जाई पक्षी दाखवायला हातात पट्टी घेऊन टीव्हीसमोर उभी राहिली. नमस्कार झाला, खाडी झाली, कच्छहून येणारे थवे झाले. मग ती म्हणाली, “आणि या पक्ष्यांची पि... पि...”

“पिसं गुलाबी असतात!” दिनानाथने दिलं उचलून.

जाई थांबली. “पिल्लं, बाबा. या पक्ष्यांची पिल्लं राखाडी असतात.”

“अरे हो हो. पुढे बोल.”

पुढे काय बोलणार? प्रत्येक वळणावर हा आडवा. शेवटी तिने हातातली पट्टी ठेवून दिली. “राहू दे, बाबा. तुम्ही आत जाऊन बसा.” आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्यानंतर ती गॅलरीत दार लावून सराव करू लागली, आणि दिनानाथ दाराबाहेर ताटकळत राहिला. त्याला फार लागलं ते. आपण मदतच तर करत होतो, यात आपलं चुकलं काय, हे त्याला उमजेना. पण तिला बापासमोर बोलून बघायचं होतं आणि ते आपल्यामुळेच राहिलं, एवढं मात्र त्याच्या मनाला डाचत होतं.

त्याच आठवड्यात पनवेलच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातून तक्रार आली. तिथे नोंदणीच्या काउंटरवर बसणाऱ्या करिमुन्निसा आपांचं म्हणणं होतं की नवा डबा, म्हणजे दिनानाथच्या कंपनीचं सॉफ्टवेअर, आला तेव्हापासून रांग दारापर्यंत जाते. दिनानाथने फोनवरच तीन कारणं सांगून टाकली: नेट स्लो, मशीन जुनं, आपांना सवय नाही. त्याची टीम लीड श्रुती, त्याच्यापेक्षा वयाने निम्मी, म्हणाली, “सर, एकदा जाऊन बघाच.”

गेला. आपा पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, एका बोटाने टाइप करणाऱ्या. रुग्ण मोबाइल नंबर सांगत होता. आपांनी नऊचा आकडा दाबला. चौकोन लाल. खाली अक्षरं: ‘नंबर चुकीचा आहे.’ आपा दचकल्या, आकडा खोडला, रुग्णाला पुन्हा विचारलं. “नऊच ना?” “नऊच.” पुन्हा दाबला. पुन्हा लाल. मागे उभा असलेला दिनानाथ राहवेना म्हणून पुढे झुकला.

“आपा, पुढचे आकडे—”

“लिवतेय ना मी अजून!” आपा कडाडल्या. “पयला आकडा टाकला की बोंबलतो तुमचा डबा. चूक चूक करतोय. अरे, आधी पूरं तर लिवू दे माज्या भावा, मग बोल काय ते!”

रांगेतली माणसं हसली. दिनानाथही हसायला गेला, पण त्याचं हसू मध्येच विरलं. समोर आपा पुन्हा नऊ दाबत होत्या, चौकोन पुन्हा लाल होत होता, आणि आपांच्या चेहऱ्यावर त्याला ओळखीचं काहीतरी दिसलं. मान किंचित पुढे, डोळे बारीक, आणि मग, जाऊ दे, नकोच ते, असा भाव. हा चेहरा तो गेली वीस वर्षं रोज घरी बघत होता. तो काउंटरजवळच्या बाकावर जाऊन बसला. डोळ्यांत औषध घालून बसलेल्या पेशंटांच्या ओळीत तो एकटाच औषधाशिवाय डोळे पुसत होता.

महापेला परत आल्यावर त्याने बदल केला. बदल म्हणाल तर चिमूटभर: माणूस लिहीत असेतो चौकोनाने गप्प बसायचं, तो लिहून पुढच्या चौकोनात गेला, की मग तपासायचं आणि चुकलं असेल तर हळूच सांगायचं. त्याने श्रुतीला दाखवलं. ती म्हणाली, “सर, मी हेच तर सांगत होते. प्रत्येक मीटिंगमध्ये. मी ‘सर, तो लाल रंग...’ म्हटलं की तुम्ही—”

“की मी—” दिनानाथने तोंड उघडलं आणि मिटलं. “बोला तुम्ही.”

“तुम्ही ‘गडद हवा, माहितीये’ म्हणायचात. आणि गडद करायचात.”

शनिवारी संध्याकाळी त्याने गॅलरीचं दार वाजवलं. “जाई, एकदा ऐकू का? नाही बोलणार मी.”

जाईने स्मिताकडे पाहिलं. स्मिताने खांदे उडवले. जाई पुन्हा टीव्हीसमोर उभी राहिली. नमस्कार, खाडी, कच्छ. मग शब्द अडला. दिनानाथच्या तोंडात तो शब्द कधीच तयार होता. एक नाही, चार होते. त्याने उशी पोटाशी घट्ट धरली. घरात पंख्याचा आवाज तेवढा होता. त्याला वाटलं, आता हिचा जीव गुदमरतोय, आणि मग लक्षात आलं, गुदमरतोय आपला. जाई तर शांत होती. ती अडली, थांबली, एक श्वास घेतला आणि वाक्य पुरं करून पुढे गेली. नंतर पुन्हा अडली, पुन्हा गेली. शेवटपर्यंत.

भाषण असं होतं तर! इतकं सुंदर, मध्ये मध्ये हसवणारं, खाडीच्या चिखलाचीसुद्धा माया वाटावी असं. ते त्याने पहिल्यांदाच सबंध ऐकलं होतं. त्याने टाळ्या वाजवल्या. मग घसा खाकरून म्हणाला, “मी आजवर तुझं बरंच काही तोडलं असेन ना गं?”

जाई त्याच्या शेजारी येऊन बसली. “एक सांगू? रागावू नका. मला पि... पिस्ता आइस्क्रीम आवडत नाही.”

“काय? अगं, तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला—”

तो थांबला. ती पुढे म्हणाली, “लहान होते. दुकानात मी पे... पेरूचं मागत होते. तुम्ही म्हणालात, पिस्ता. मग मी पिस्ताच खाल्लं. पुढे तुम्ही इतक्या हौसेने आणायचात की सांगवेना.”

स्मिता पोट धरून हसली. जाईही. दिनानाथही हसला, पण मग उठून त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. रात्री जेवल्यावर तो स्कूटर काढून पेरूचं आइस्क्रीम शोधायला गेला आणि शेवटी खांदा कॉलनीतून घेऊन आला. जाईने अर्धा डबा एकटीने संपवला.

रविवारी भरतीच्या वेळी बोट सुटली. दिनानाथ तिकीट काढून सगळ्यात मागे बसला होता. पुढे दोन परीक्षक बाई, मध्ये पर्यटक, आणि सगळ्यांसमोर गळ्यात दुर्बीण अडकवलेली जाई. काठावर कांदळवन होतं, आणि पाणी उथळ झालं तिथे गुलाबी पट्टा. लोक फोटो काढायला उठले. जाईने त्यांना बसवलं आणि ती बोलू लागली.

“हे गुलाबी जन्मतात असं नाही. खाडीतलं शे... शे...”

“शिंपले!” दिनानाथच्या शेजारचा टोपीवाला गृहस्थ मदतीला धावला.

दिनानाथने बाकाची कड पकडली. त्या गृहस्थाला दोन शब्द सुनवावेत असं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण जाईने नुसता तळहात वर केला, हसली, श्वास घेतला आणि म्हणाली, “शेवाळ. शेवाळ खाऊन खाऊन यांना हा रंग चढतो. घाई केली, तर राखाडीच राहतात.” बोटीत हशा पिकला. त्यानंतर ती अडली की अख्खी बोट तिच्यासाठी थांबायची, आणि दिनानाथला दिसलं की त्या थांबण्यात लोक पुढे सरकून जास्तच कान देऊन ऐकतात.

धक्क्याला लागल्यावर थोरल्या परीक्षक बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, “जाई, पुढच्या आठवड्यापासून या.” मग त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या, रुमाल चोळामोळा करणाऱ्या माणसाकडे गेली. “आपण यांच्याबरोबर आहात का?”

“मी...” दिनानाथ म्हणाला. “मी...”

आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी करणाऱ्या माणसाला स्वतःचं तीन शब्दांचं वाक्य सापडेना. टोपीवाल्याला राहवलं नाही. “वडील असणार यांचे!”

“थांबा,” जाई त्याला म्हणाली. “ते बोलतायत.”

आणि ती थांबली. बापाच्या तोंडाकडे बघत, अजिबात घाई न करता, हसऱ्या चेहऱ्याने. बाईही थांबल्या, टोपीवालाही थांबला. दिनानाथने नाक पुसलं, एक श्वास घेतला.

“मी जाईचा बाबा,” तो म्हणाला.