पीक कोण, तण कोण

पृथ्वीवरची यच्चयावत हिरवळ एकाच माणसाला घाबरत असेल, तर तो माणूस म्हणजे अकोल्याचे आमचे मावसाजी! शेतकी फार्मवरची उभी नोकरी त्यांनी तण मोजण्यात घालवली. हातभर लांब-रुंद लोखंडी चौकट शेतात फेकायची, ती पडेल तिथे उकिडवं बसायचं आणि आतली झाडं मोजायची: पीक किती, तण किती. निवृत्तीला साहेबांनी शाल दिली, श्रीफळ दिलं. मावसाजींनी चौकट मागून घेतली.

तेव्हापासून ती स्कूटरच्या हँडलला लटकते आणि कुठंही फेकली जाते. अमरावतीला माझ्या मुलीच्या लग्नात, वरात दारात असताना, मावसाजींनी ती लॉनवर फेकली. नेमके नवरदेवाचे काका आत सापडले.

"पाय उचला जी, मोजून राहिलो."

काका एका पायावर. "अहो, सगळं गवतच तर आहे!"

"हराळी हाय. कपाशीत आली तं तण, गणपतीले वाहिली तं दुर्वा, अन् तुमी फोटो काढता म्हणून लॉन."

अकोटला माझ्या मेहुण्याच्या कपाशीत ज्वारीचं एक ताट डौलानं डोलत होतं. मावसाजींनी ते उपटलं. मेहुणा कळवळला, "मावसाजी, भाकर खातो आपण तिची!"

"खा ना. पण इथं ते तणच. पाहुणा चांगला असला म्हणून काय कोणाच्याही पंगतीत बसवतं का कोणी?"

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण मावशीच्या कुंडीत एक गुलाब होता. तेल्हाऱ्याच्या माहेराहून, तिच्या आईनं लावलेल्या झाडाची काडी आणून तिनं तो जगवला होता. त्या कुंडीत कुठूनशी मेथी उगवली. मावसाजींनी कुंडीभोवती चौकट ठेवली. मेथी सत्तावीस, गुलाब एक. निकाल स्पष्ट होता! मावशी देवळातून आली तेव्हा शेजारची बकरी गुलाबाचा शेवटचा घास चघळत होती आणि मावसाजी प्रसन्न मुद्रेनं मेथी निवडत होते.

मावशी पिशवी भरून एसटीनं थेट आमच्याकडे अमरावतीला आली. "मी आता परत जात नाही. त्या घरात मीई एकटीच. उद्या मलेई उपटतीन!"

आठवड्यानं मावसाजी आले. हात रिकामे. आधी तेल्हाऱ्याला जाऊन आले होते, दुसरी काडी आणायला.

"तुह्या भावानं अंगणात फरशी घातली वं. झाड नाही राहिलं. सारा मोहल्ला फिरलो."

मावशीनं त्यांच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "जेवले का?"

"नाही."

"हात धुवा."

दुसऱ्या दिवशी दोघं अकोल्याच्या गाडीत बसली.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. कुंडी जागेवरच आहे; न जाणो, मातीत गुलाबाचं एखादं मूळ उरलं असेल! तिच्यात कोंब दिसला की मावसाजी हात मागं बांधून आत हाक मारतात, "अवं, हे ठेवू का उपटू?" मावशी चष्मा लावून येते. "राहू द्या. पान तं फुटू द्या." मग पान फुटेपर्यंत दोघंही रोज सकाळी कुंडीवर वाकतात, फुटलं की त्याच्या कडेला गुलाबासारखे दाते दिसतात का ते बघतात.

अजून तरी तरोट्याचं तणच निघतं आहे.