वरच्या मजल्याचं कुंकू

नाहूरच्या त्या सोसायटीत सुगंधा परबची भिंत अकरा वर्षं काळी होती. दर गणपतीआधी ती नवा रंग लावून घ्यायची. पाहुण्यांना बुरशी दिसायला नको. दिवाळीपर्यंत डाग परत वर यायचे.

या जानेवारीत तिने घराचं काम काढलं. खंडू मिस्त्रीने भिंत खरवडली. आधी मोतिया पापुद्रा निघाला, मग आकाशी, मग पिस्ता. प्रत्येकाची पाठ काळी.

"वहिनी, बुरशीला अकरा गोधड्या पांघरल्यात तुम्ही."

सुगंधाला हसू आलं नाही. आतल्या खोलीत तिचा नवरा, दत्ताराम, दम्याचा पंप ओढत होता. त्याचा पलंग इतकी वर्षं याच भिंतीला लागून होता.

खंडूने विटांपर्यंत प्लास्टर काढलं. ब्लीचिंगच्या पाण्याने भिंत धुतली, पंखा लावून सुकवली. चौथ्या दिवशी कोपरा पुन्हा ओला.

"वरची गळती थांबेपर्यंत प्लास्टर करून उपयोग नाही," खंडू म्हणाला. "वरच्या मोरीत रंग टाकू द्या. खाली उतरला की गळती त्यांचीच, संपलं."

वर चंद्रप्रकाश सावे राहायचे. सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं उत्तर अकरा वर्षं एकच होतं, "तुम्ही कपडे घरात वाळवता." रंगाचं ऐकून त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"आमच्या बाथरूमला काही झालेलं नाही. या आता."

शुक्रवारी त्यांच्या बायकोचं, राधावहिनींचं हळदीकुंकू होतं. सुगंधा सगळ्यांच्या आधी वर गेली. पाय मुद्दाम धुळीने माखलेले.

"पाय धुते हं. नाहीतर तुमच्या लाद्या खराब व्हायच्या."

तिने आतून कडी लावली. कमरेची लाल रंगाची पुडी मोरीच्या जाळीत रिकामी केली. वरून तीन बादल्या पाणी. मग बाहेर येऊन सतरंजीवर बसली. तिळगूळ खाल्ला. खूप गोड बोलली.

दीड तासाने फोन वाजला. दत्ताराम धापा टाकत होता.

"गो, रंग इलो! लाल इलो!"

सुगंधा उठली. "बायांनो, आज माझंही हळदीकुंकू आहे. चला खाली. राधावहिनी, तुम्ही पहिल्या."

काठपदराच्या साड्या नेसलेल्या चौदा बायका त्या उघड्या विटांसमोर उभ्या राहिल्या. कोपऱ्यातून लाल ओघळ उतरत होता. सुगंधाने एकेकीला हळदीकुंकू लावलं. राधावहिनींच्या हातात वाण म्हणून काळ्या प्लास्टरचा ढलपा ठेवला.

गलका ऐकून चंद्रप्रकाश दारात आले.

"भाऊ, बघा ना," सुगंधा म्हणाली. "तुमच्या घरचं कुंकू आमच्या भिंतीवर आलंय."

"ही काय पद्धत झाली?"

"अकरा वर्षं पद्धतीनेच सांगत होते."

राधावहिनींनी ढलपा नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. "अहो, खंडूला उद्याच वर बोलवा," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी वरच्या लाद्या फुटायला लागल्या. सुगंधा रोज स्टूल घेऊन वर जायची. दारात बसून प्रत्येक घाव ऐकायची. चंद्रप्रकाश पेपरामागे बसून राहायचे. पाचव्या दिवशी राधावहिनींनी तिच्या हातात चहा दिला.

"सुगंधा, आता तरी राग गेला ना गं?"

तिने बशीत चहा ओतला. खाली दत्ताराम खोकत होता. खोकला संपेपर्यंत ती थांबली.

"ह्यांचा दमा गेला, की सांगते."