धोक्याची सूचना गावापर्यंत का पोचली नाही

चारुलताच्या प्रोग्रामने आपलं काम चोख केलं होतं. तरी तिच्या काकीच्या, रमिलाबाईंच्या शेतात केळीची कोवळी रोपं माना टाकून उभी होती.

“आखो एक दिन असा गया, ते सगळी उपटी टाकनी पडतीन,” काकी म्हणाल्या.

लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवता शिकवता चारुलताने हा प्रोग्राम आपल्या तापीकाठच्या गावासाठी लिहिला होता. हवामान यंत्राकडून ऊन-वाऱ्याची मापं घ्यायची आणि केळीला ठिबक किती वेळ चालवायचं ते सांगायचं. ग्रामपंचायतीचा शिपाई बन्सीलाल रोज सकाळी पडद्यावरचा आकडा भोंग्यावरून वाची.

भर वैशाखात वारा मोजणारं चक्र अडकलं. झळा सुटलेल्या असताना यंत्र सांगत होतं, वारा नाही; म्हणून ठिबकचा आकडाही कमी निघत होता. प्रोग्रामला शंका आली आणि आकड्याखाली त्याने छापलं: ‘धोक्याची सूचना: वाऱ्याचं माप चुकीचं असावं. पाणी कमी पडेल.’ मग काकींना फक्त आकडाच कसा कळला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बन्सीलालच्या मागे जाऊन उभी राहिली. सूचना पडद्यावर होती. त्याने आकडा वाचला आणि भोंगा बंद केला.

“काका, खालची ओळ?”

“ती मी वाचतच नही, माय.”

“का बरं?”

“एकदाव वाची व्हती. ‘धोक्याची सूचना’ इतलंच बोलनू, आन् निम्मं गाव पंपन्या मोटारी काढाले तापीवर पयनं! धरणनं पाणी सोडं म्हने. मन्हा शेजारना भावेशनी पाय मुरगाळी लिधा. शिव्या मालेच.”

चारुलताला हसू आलं, मग ते मावळलं. धरणाचं पाणी सुटल्याशिवाय या भोंग्यावरून कोणी धोका सांगत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. प्रोग्राम लिहिताना नेमकं तेच विसरली.

“मग तुम्ही वाचाल असं काय लिहू?”

“काय करनं ते लिख. यंत्रनं रडगाणं गावले काय करनं? आन् आकडा पयले नको. आकडा ऐकना का लोके निघी जातस.”

तिने तिथंच बसून प्रोग्राम बदलला. मापाची शंका आली तर आकडा छापायचाच नाही. पुन्हा चालवल्यावर पडद्यावर उमटलं: ‘आज वारा मोजणारं यंत्र बंद आहे. रोपाजवळची माती मुठीत दाबून पाहा. गोळा झाला नाही तर पाणी चालू करा.’

बन्सीलालने पुन्हा भोंगा लावला आणि ते अहिराणीत, स्वतःच्या दोन टोमण्यांसकट वाचलं. नदीकडे कोणी पळालं नाही. काकींनी मूठभर माती दाबली. ती भुगा होऊन बोटांतून गळाली. त्यांनी ठिबकचा कॉक उघडला.

बांधाकडची काही रोपं गेलीच. बाकीच्यांनी हळूहळू नवी पानं सोडली. ती बघायला चारुलता आली, तेव्हा काकींनी विचारलं, “यंत्र सुधारनं का?”

“अजून नाही, काकी.”

“मंग ऱ्हाऊ दे तसंच. आकडा भेटना का मी मातीले हातच लावत नव्हती.”