कोरडी ठेवलेली कबर

मानूसोस चौतीस वर्षं क्रीट बेटावरच्या आमच्या गावाहून रेथिम्नो शहराला शाळेची बस चालवायचा. त्यातली सव्वीस वर्षं मी त्याच्या मागच्या सीटवर बसून त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवायला गेले. त्यामुळे मला तो पाठमोराच जास्त माहीत. बोलणं इतकं कमी की पोरं त्याला ‘ब्रेक’ म्हणायची. बायको, उरानिया, गेली तेव्हा तो एकोणऐंशीचा होता. दोन्ही मुलं मेलबर्नला.

उरानियाला नेरागूलाची रानफुलं आवडायची. मार्चमध्ये टेकडीवर दगडांच्या फटींतून येतात. पांढऱ्या-गुलाबी रेशमी पाकळ्या, मध्ये काळा डोळा. मानूसोसने फुललेली रोपं कंदासकट उपटून तिच्या कबरीवर लावली. आठवडाभर फुलली. पुढच्या वर्षी तिथे पानसुद्धा नाही. त्याने पुन्हा उपटून आणली, पुन्हा तेच. तिसऱ्या मार्चात मी त्याला टेकडीवर खुरप्यासकट पकडला आणि झापला. निम्मी टेकडी ओरबाडलीस, बियांपासून वाढव म्हटलं.

“बाई, मी ऐंशी ओलांडली. बियांची वाट बघायला वेळ कुठाय?”

“मग डोंगर चढून खणायला कुठाय?”

मे महिन्यात त्याने बी गोळा केलं. ऑक्टोबरात दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरलं. हिवाळाभर बारीक कातरलेली पानं आली, आणि मे उजाडताच पिवळी पडून गेली. डबा घेऊन तो माझ्या दारात उभा, चेहरा प्रेतयात्रेला आल्यासारखा. मी डबा वर्तमानपत्रावर उलटा केला. मातीत चिमणीच्या पंजाएवढे कंद होते. मेलेले नाहीत, झोपलेत, म्हटलं. उन्हाळ्यात त्यांना थेंबभर पाणी दाखवू नकोस. ओल लागली की कुजतात. आधीचे कशाने गेले असतील, हे मला तेव्हासुद्धा सुचलं नाही. बायोलॉजीची मास्तरीण म्हणे.

ऑक्टोबरात चाळीस कंद कबरीवर गेले. वसंतात तीनच फुलले, पण तो लग्नघरातल्या यजमानासारखा तिथे बसून राहिला. मी सांगितलं, मे महिन्यात काढून घरात ठेव.

“या वर्षी मी काढीन. मी गेल्यावर कोण काढणार? मेलबर्नहून विमानाने येऊन? आपली आपण यायला हवीत, बाई.”

बरोबरच होतं. टेकडीवर कोण काढतं त्यांना? म्हणजे उन्हाळाभर कबर कोरडी राहायला हवी. आणि आमच्या गावात नेमकं हेच होत नाही. दर शनिवारी बायका डबे घेऊन दफनभूमीत जातात, दिव्यात तेल घालतात, कबरीवर पाणी ओततात. कबर कोरडी दिसली म्हणजे त्या माणसाचं कुणी उरलं नाही. उरानियाची धाकटी बहीण झांबिया गेली चार-पाच वर्षं डबाभर पाणी ओतत होती. आधीचे कंद असे कुजले होते.

मानूसोसने तिला ओतू नकोस म्हटलं. त्यावर ती पावाच्या दुकानात, रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाली, “दाजी, चव्वेचाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लंत, आता घोटभर पाणी जड झालं?”

गावातल्या बायकांनी त्याला सकाळचं ‘कलिमेरा’, नमस्कारसुद्धा म्हणायचं सोडलं. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, ओतू दे तिला, फुलांपायी घरची माणसं तोडायची नाहीत. मी चिडले. झांबियाशी भांडायला मीच निघाले होते, पण मी चपला घालेपर्यंत तो भांडण नको म्हणून उठून गेलाही होता.

पुढच्या शनिवारी तो बाल्कनीतला सब्ज्याचा डबा उचलून दफनभूमीत गेला. उरानियाने स्वतः लावलेलं रोप होतं ते. कबरीच्या उशाशी, संगमरवराच्या कडेबाहेर ठेवलं आणि झांबियाची वाट बघत उभा राहिला.

“तिला तहान लागली असेल ना? हे तिचं आहे. यात ओत.”

झांबियाने रोपाकडे पाहिलं, पानाला हात लावून बोटं हुंगली. मग कुरकुरली, “एवढ्याशा डब्यात काय मावणार?”

“मग रोज ये.”

ती खरंच रोज आली. ऑगस्टात माती भेगाळली, बायका कुजबुजल्या, पण कडेच्या आत कुणी पाणी ओतलं नाही.

ऑक्टोबरात पाऊस झाला. तीन आठवडे काहीच उगवलं नाही. मानूसोस रोज जाऊन वाकून बघायचा, आणि झांबिया डब्यात पाणी ओतून निघून जायची. नोव्हेंबरात एका सकाळी तिनेच माझं दार ठोठावलं. कबरीवर गवत आलंय, उपटू का, म्हणाली. मी तशीच अॅप्रनवर गेले. ते गवत नव्हतं. कातरलेली पानं होती, रोपं मोजली तर छत्तीस.

मार्चमध्ये एकोणतीस फुलली. मानूसोसने त्यांच्यासाठी नवा शर्ट घेतला.

परवा, जूनच्या भर उन्हात, मी आईच्या कबरीवर गेले होते. शेजारच्या गावची कुणीतरी बाई, पुण्य म्हणून, उरानियाच्या कबरीवर डबा तिरका करत होती. झांबियाने पलीकडून धावत येऊन तिचं मनगट धरलं.

“तिथे नको, बाई. झोपलेत ते. तहान या डब्यात आहे.”