पहिलेसारखी नाही

आमच्या फॉर्मवर आधी एक प्रश्न होता: ‘बालक आजारपूर्व स्थितीस परतले आहे काय?’ आता त्या जागी ‘मूल आधी कसं होतं, आता कसं आहे, तुमच्याच शब्दांत सांगा’ असं आहे. हा बदल माझ्या हट्टापायी झाला, आणि मी तो अजूनही मिरवते.

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातून वाचून घरी गेलेल्या लेकरांचं पुढे काय होतं, हे शोधायला राज्यातल्या काही दवाखान्यांनी मिळून अभ्यास सुरू केला. त्यात यवतमाळचा आमचाही होता. मूल घरी गेलं की आपण पेढे खाऊन मोकळे. ते पुढे शाळेत जातं का, धावतं का, कोण विचारतं? ते विचारायचं काम माझ्याकडे आलं. वीस वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर फोन करणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं मला वाटलं. प्रश्न मात्र मोठ्या शहरात लिहिलेले. तसलं मराठी आमच्याकडे फक्त तहसीलच्या नोटिशीत येतं.

मारेगावकडची एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिला मण्यार चावली होती. त्या विषानं अंग लुळं पडतं, पापणीसुद्धा हलत नाही, श्वास थांबतो. आठ दिवस ती व्हेंटिलेटरवर होती, माझ्याच ड्युटीत. घरी गेली ती स्वतःच्या पायांनी, पण तोंडातून शब्द नाही. तीन महिन्यांनी मी फोन लावला आणि तिच्या आईला प्रश्न वाचून दाखवला.

‘काय म्हन्लं जी?’

मी माणसांच्या भाषेत विचारलं, ‘पोरगी पहिलेसारखी झाली का?’

‘नाही वो बाई. पहिलेसारखी कुठची! घरातले सारे परेशान आहेत तिच्यापायी.’ एवढ्यात फोन कटला. मग दोन दिवस बंदच.

दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास किती वेळ बंद होता, मेंदूला धक्का तर बसला नसेल ना? अभ्यासाचं काम पाहणाऱ्या शहरातल्या मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘आई नाही म्हणाली ना? मग “पूर्वीपेक्षा वाईट” वर खूण करा आणि फॉर्म बंद करा.’ सगळ्या दवाखान्यांचे फॉर्म त्यांच्या डोक्यावर. त्यांचंही चुकीचं नव्हतं. पण माझं डोकं सटकलं. परेशान म्हणजे नेमकं काय, हे न विचारता एका लेकराला मी वाईट ठरवू? ‘आधी पाहून येते, मग खूण करते,’ मी म्हटलं. आमच्या डॉक्टरांची परवानगी घेतली आणि सकाळच्या एसटीत बसले. रस्ताभर मनात नाही नाही ते येत होतं.

घर सापडलं. अंगणात एक पोरगी दोन मोठ्या पोरांशी कमरेवर हात ठेवून भांडत होती. पोरं मागे सरकत होती. मी तिला ओळखलंच नाही. आईला विचारलं, ‘तुमची पोरगी कुठं आहे?’

‘हेच तं थे!’ आईनं कपाळावर हात मारला. ‘पहिले मुकी बाहुली होती जी. पावना आला का दाराआड लपे. आता सकाळी डोळे उघडले का सुरू! गुरुजी म्हन्ते, हिच्या तोंडाले कुलूप लावा. कोनती सुई देली तुमी तिले?’

मला हसूही आवरेना आणि रडूही. इतका आनंद मला स्वतःच्या नोकरीच्या ऑर्डरचाही झाला नव्हता. चहा होईपर्यंत पोरीनं शाळा, बकरीची पिल्लं, काकूचं भांडण, सगळं सांगून टाकलं. आईनं डोळे वटारले तरी थांबली नाही. मी फॉर्म काढला. धावते, वाचते, जेवते, सगळ्यावर खुणा झाल्या. मग मीच विचारलं, ‘काहून वं, दवाखान्यात तं तू एक शब्द बोलली नाही. आता एवढी कायले बोलून राह्यली?’

ती सरकून माझ्याजवळ आली. माझ्याकडे टक लावून पाहत राहिली.

‘तुमचा आवाज वळखीचा आहे मले,’ ती म्हणाली. ‘तवा माहे डोळे उघडत नव्हते, पन आयकू येत होतं सारं. तुमी रोज म्हनत, बोल व माय, काही तं बोल. मले लय बोलाचं होतं. तेच आता बोलून राह्यली.’