समोरच्या मांडवातला बॉक्स

नव्वदच्या दशकात चामराजपेटच्या गणपतीत आमचा आणि समोरच्या गल्लीचा ऑर्केस्ट्रा आळीपाळीने वाजायचा. एका वर्षी माझी बास गिटार कुणाला ऐकूच येईना. अँप्लिफायर दणकट होता, पण स्पीकरचा बॉक्स एकच. समोरची मंडळी खुशाल हसत होती.

तेवढ्यात त्यांचाच बासवाला स्वतःचा बॉक्स खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडून आला. चपचपीत तेल लावलेले केस, तोंडात पान. माझा अँप्लिफायर बंद करून त्यानं दोन्ही बॉक्सच्या पाठीवरचा ओहमचा आकडा वाचला.

"आठ-आठचे दोन जोडले की निम्मा, चार. आकडा उतरला की मशीनवर भार वाढतो; तुझं मशीन चारपर्यंत सोसतं. तिसरा जोडू नको, जळेल." केबल लावून त्यानं बॉक्सवर तळवा टेकला. "सरी, झालं. आता स्वल्प वाजव, थोडंसं."

"अण्णा, तुम्ही आम्हाला मदत करताय?"

"तुझं ऐकूच आलं नाही, तर मी हरवू कुणाला?"

मी तार छेडली आणि शेजारच्या हॉटेलातले स्टीलचे पेले थरथरले. समोरचे लोक उठून आमच्या मांडवात आले.

त्याची पाळी आली तेव्हा त्याचा बॉक्स मी पोचवला. मागोमाग माझाही नेऊन जोडला. हरवायचा, तर मलाही तो पुऱ्या आवाजातच हवा होता.