आकड्यांमधली मोकळी जागा

कापसाच्या एका पेढीत मी टेलिप्रिंटरवर होते. अमरावतीत मी टाइप केलेलं त्याच क्षणी अकोल्याच्या कचेरीत कागदावर उमटायचं. तिथल्या यंत्रावर एक काका बसत. त्यांना मी कधी पाहिलं नाही. समोरच्या माणसाशी बोलताना माझी जीभ अडखळे, तारेवर मात्र जमायचं. काका इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी लिहीत.

मी नोकरीला लागल्यावर महिनाभरात तक्रार आली. मी पाठवलेले मालगाडीच्या डब्यांचे नंबर तिकडे अर्धे आकड्यांत, अर्धे अक्षरांत छापले जात. माझ्या यंत्रावर उमटलेली प्रत बिनचूक, म्हणून दोष अकोल्याचा ठरला. मेकॅनिकनं काकांचं यंत्र उघडलं, ‘चांगलं आहे’ म्हणाला आणि गेला.

“बाई, एक तारखेपासून मले जिनिंगमधी टाकून राहिले,” काकांनी लिहिलं. “तिथं सरकी काढतानी रुईचा धुराळा, आन् मले दमा. दम्याले कोन समजावते?”

तक्रारीसोबत आलेला अकोल्याचा कागद मी माझ्या प्रतीशेजारी ठेवला. बिघाड दर वेळी मोकळ्या जागेनंतर होता. कॉन्व्हेंटच्या टायपिंगच्या वर्गात मला लांब नंबर तोडून, मध्ये जागा सोडून लिहायला शिकवलं होतं. माझ्या आधीचे कारकून सलग लिहीत. आकडे आणि अक्षरं दोन्ही यंत्रांत एकाच कळांवर होती, पण अकोल्याचं यंत्र वेगळ्या बनावटीचं. जागा आली की ते आपणहून आकड्यांवरून अक्षरांवर जाई. माझं जात नसे.

तोच नंबर मी सलग पाठवला.

“अवं माय! बरोबर आलं. काय जादू केली वं?”

“काका, चूक माझीच होती.”

मग आलं, “तुही कायची? मशिनीची. पन सायबाले सांगजो.”

मॅनेजरसाहेबांसमोर जाईपर्यंत मी वाक्य तीनदा मनात म्हटलं. त्यांनी माझी प्रत पाहिली. “तुमचं तर बरोबर आहे. उगाच अंगावर कशाला घेता?”

“सर, मी जागा सोडते म्हणून...”

“आज नंबर नीट गेले ना? बघा, बदलीचा कागद दाखवला की माणूस कसा सुधारतो!”

हेडक्लार्क हसले. मी “येस सर” म्हणाले.

एक तारखेला अकोल्याहून दुसऱ्याच कुणीतरी ‘रेडी’ लिहिलं. काका कुठे आहेत, मी विचारलं.

“जिनिंगला. नंबर पाठवा.”

मी सलग पाठवले. सगळे बरोबर पोचले.